तहसील कचेरीच्या पाटीपासून अरबी

सांगली-मिरज असो, कराड असो की वाई, मराठी माध्यमात शिकलेल्यांना अरबी शिकवायची असेल तर पहिल्या दिवशी फळ्यावर अलिफ-बा काढू नका. देवनागरीत तीन शब्द लिहा : तहसील, महसूल, हासिल. तिन्हींत सारखं काय आहे, ते वर्गालाच शोधू द्या. दोन मिनिटांत कुणीतरी ह-स-ल म्हणतंच. अरबीचा निम्मा कारभार तिथेच कळतो : तीन व्यंजनांचं एक मूळ, आणि त्या मुळाला स्वर व जादा अक्षरं लावायचे ठरलेले साचे. ह-स-ल म्हणजे हाती येणं. हाती आलेलं ते हासिल, गोळा झालेला तो महसूल, गोळा करण्याची क्रिया ती तहसील. इथे एखादा 'वसूल' पुढे करतो. त्याला शाबासकी द्या, पण ते मूळ वेगळं आहे : व-स-ल, म्हणजे पोचणं.

साच्याला अरबी व्याकरणात 'वज़्न' म्हणतात, म्हणजे आपलं वजनच. शब्द कोणत्या वजनाचा, असंच विचारतात. मापं फ-ऽ-ल या तीन अक्षरांची. (ऽ ही खूण 'ऐन' या अक्षरासाठी, त्याच्याकडे पुढे येऊ.) 'फाऽइल' वजनाचा शब्द म्हणजे करणारा : मालक, जामीन, वारस, नाझर, गाफील. हजर आणि जाहीर याच वजनाचे. 'हजर'मधला आ मराठीने खाल्ला, एवढंच. 'मफ्ऊल' म्हणजे ज्याच्यावर क्रिया झाली ते : महसूल, मजकूर, मंजूर, मजबूत. 'तफ्ईल' म्हणजे क्रिया : तहसील, तपशील (मूळ तफ़्सील), तसबीर (मूळ तस्वीर), तालीम. 'मफ्अल' किंवा 'मफ्इल' म्हणजे जागा : मकतब, मजलिस, मंजिल. जुन्या दस्तातलं 'मौजे'सुद्धा याच घरातलं, मूळ मौज़िऽ, म्हणजे ठिकाण.

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ : घरातला जुना दस्त, खरेदीखत किंवा वाटणीपत्र आणायचं आणि त्यातले अरबी वाटणारे शब्द वजनाप्रमाणे चार रकान्यांत लिहायचे. तीस-चाळीस शब्द सहज निघतात. सगळेच अरबी निघणार नाहीत. जमीन, सरकार, कारखाना हे फारसी. त्यांचं तीन अक्षरी मूळ शोधत बसू नये. मामलेदार अर्धा-अर्धा : मामला अरबी, दार फारसी. शेवटी -दार, -खाना, -गिरी, -नामा दिसलं की ते शेपूट आधी कापायचं आणि उरलेल्याचं वजन करायचं.

एका 'ज'मध्ये पाच अक्षरं

मराठी माणसाची खरी अडचण लिपी नाही. अडचण ही की हे शब्द आपण घेतले तेव्हा त्यांचे उच्चार आपल्या तोंडाच्या मापाने कापून घेतले. जवाब, नजर, नजराणा, जामीन, वजन : मराठीत पाचही ठिकाणी ज. अरबीत पाच वेगळी अक्षरं : जीम, ज़ा, ज़ाल, ज़ाद, ज़ाय. म्हणून 'नजर' आणि 'नजराणा' आपल्याला एकाच कुळातले वाटतात. नजर, नाझर, मंजूर एका मुळाचे (बघणं), नजराणा दुसऱ्याच (नवस, अर्पण). याउलट जप्त आणि मजबूत यांचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. दोघांचं मूळ एकच, आवळून धरणं. 'स'चंही तसंच : हिशोबातला साधा सीन, महसुलातला जड साद, वारस आणि मिरासमधला सा, ज्याला जिभेचं टोक दातांत यावं लागतं.

उच्चार पुढच्या क्रमाने बसवा. अवघड आधी घेतलं की वर्ग हसतो आणि मग कुणी तोंड उघडत नाही.

आधी ज़ाय. 'सऽऽऽ' लांबवा आणि मध्येच घशाला आवाज द्या. बोटं कंठावर ठेवली की थरथर कळते. 'माझा'तला झ जवळचा आहे, पण मराठीत त्याच्या आधी जीभ क्षणभर दातांमागे टेकते. ती टेकू द्यायची नाही. मग फ़ा : ओठावर ओठ नको, वरचे दात खालच्या ओठावर. मग वाव : मराठी 'व'मध्ये दात ओठाला शिवतो, अरबीत ओठ फक्त गोल होतात, 'उअ'सारखे. हे तीन पहिल्या आठवड्यात होतात.

मग ख़ आणि ग़. आपला ख एकदम सुटतो. ख़ घासत राहतो आणि हवा संपेपर्यंत चालवता येतो. ग़ म्हणजे पाणी न घेता केलेल्या गुळण्या. क़ाफ़साठी तोंड 'आ' करून उघडं ठेवा आणि क म्हणा. जीभ आपोआप मागे, पडजिभेजवळ जाते.

जड अक्षरं चार : साद, ज़ाद, ता, ज़ा. इथे मराठी वर्गात हटकून होणारी चूक म्हणजे जड त ऐवजी ट. जीभ टाळूला वळवायचीच नाही. टोक 'त'च्याच जागी ठेवायचं, मागचा भाग वर उचलायचा, तोंडात पोकळी करायची. खूण अशी की पुढचा आ थोडा 'डॉक्टर'मधल्या ऑकडे झुकतो. स्वर झुकला नाही तर अक्षर झालेलं नाही. ज़ाद शेवटी घ्या. महिनाभर अर्धवट राहिलं तरी चालतं.

आता घशातला ह आणि ऐन. चष्म्याची काच पुसताना तिच्यावर 'हा' करून वाफ सोडतो, तो घशातला ह. साधा ह 'हात'मधला. घशातला ह नीट झाला की तिथेच, तसंच घासत, आवाज चालू करा : तो ऐन. स आणि ज़ची जी जोडी, तीच या दोघांची. ऐन वेगळा शिकवायला गेलात तर मुलं ओकारी आल्यासारखा आवाज काढतात. 'ह'वरून नेलं तर पंधरा मिनिटांत निम्म्या वर्गाला जमतो.

परीक्षा जोड्यांची. क़ल्ब हृदय, कल्ब कुत्रा. सैफ़ साध्या 'स'ने तलवार, जड 'स'ने उन्हाळा. 'तीन' हा शब्द हलक्या 'त'ने अंजीर, जड 'त'ने चिखल. अलम वेदना, ऽअलम झेंडा. हरम साध्या 'ह'ने पिरॅमिड, घशातल्या 'ह'ने पवित्र आवार. शिकवणाऱ्याने तोंडापुढे वही धरून दहा शब्द म्हणायचे, मुलांनी फक्त 1 किंवा 2 लिहायचं. दहापैकी आठ आले नाहीत तर पुढचं अक्षर घेऊ नका. ज्याला कानाने फरक कळत नाही, त्याच्या तोंडून तो येत नाही.

लिपी

अठ्ठावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. वही मागच्या पानापासून सुरू करायची. इंग्रजीची चार रेघी वही घ्या. देवनागरी वरच्या रेघेला लोंबते. अरबी अक्षरं खालच्या रेघेवर बसतात आणि काहींच्या शेपट्या तिच्याखाली जातात. ही सवय पहिल्या दोन दिवसांत मोडली नाही तर दाल आणि रा यांत कायमचा घोळ होतो, कारण त्यांतला मुख्य फरकच तो आहे : दाल रेघेवर टेकतो, रा रेघेखाली घसरतो.

आकारांच्या कुटुंबाने शिकवा. एकच होडी : खाली एक टिंब बा, वर दोन ता, वर तीन सा. नून खोल वाटीसारखा, वर एक टिंब. जीम, ह, ख़ यांचा आकार एकच; टिंब पोटात, नाही, डोक्यावर. अक्षर शब्दात कुठे आलं यावर रूप बदलतं, पण गाभा आणि टिंबं तीच राहतात. म्हणून सुटी, सुरुवातीची, मधली, शेवटची अशी चार-चार रूपं पाठ करायला लावू नका. जोडायला शिकवा. सहाच अक्षरं डावीकडे हात देत नाहीत : अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय, वाव. ही सहा पक्की झाली की बाकीचं हात आपोआप करतो.

ऱ्हस्व स्वरांच्या खुणा तीन : वर तिरकी रेघ अ, खाली तिरकी रेघ इ, वर छोटा वाव उ. शिवाय सुकून, म्हणजे आपलं हलन्त, आणि शद्दा, म्हणजे द्वित्त. अडकतात ते पुढे, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, खुणा काढून घेतल्यावर. वर्तमानपत्रात, पाट्यांवर, पत्रांत खुणा नसतात. एकदम सगळ्या काढू नका. आधी सुकून काढा, मग दीर्घ स्वराआधीच्या खुणा, मग ओळखीच्या शब्दांवरच्या. शद्दा सर्वांत शेवटी. वजनं येत असली तर खुणांशिवाय वाचणं अंदाजपंचे राहत नाही : म आणि ऊ असलेला शब्द दिसला की तोंड आपोआप मफ्ऊल म्हणतं.

देवनागरीत उच्चार लिहून घ्यायला तीन आठवडे मुभा द्या, नंतर बंद. तोवर नियम एक : जड अक्षराखाली रेघ, ऐनला ऽ, आणि शेवटच्या अक्षराला स्वर नसेल तर हलन्त लिहायचंच. मराठीत आपण 'राम' लिहितो आणि 'राम्' म्हणतो. अरबीत 'ज़हब' म्हणजे ज़-ह-ब, तिन्ही अ उच्चारायचे. ही सवय राहून गेली की क्रियापदाची रूपं ऐकूच येत नाहीत.

एकाच वर्गात तीन प्रकारची माणसं

आपल्या भागात वर्गात साधारण तीन गट येतात. काहींनी मकतबात क़ाइदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, आणि कुरआन वाचलेलं असतं : वाचन सफाईदार, उच्चार चांगले, अर्थ मात्र शिकलेला नसतो. काहींना उर्दू येते : शब्द भरपूर, पण सा आणि साद दोन्ही स, ज़ाल-ज़ाद-ज़ा-ज़ाय चारही एकच. आणि उरलेले अगदी कोरे. तिघांना पहिले चार आठवडे एकच धडा दिला तर पहिला गट कंटाळतो आणि तिसरा घाबरतो. पहिल्या गटाला उच्चाराच्या तासाला पुढे बसवा. जोड्या त्यांनी म्हणाव्यात. पठणातली तजवीद, म्हणजे नाकातला गुंजन आणि ठरावीक लांबी, रोजच्या बोलण्यात आणायची नसते, हे त्यांना एकदा शांतपणे सांगा. त्यांचं पठण चुकीचं नाही, ते त्याच्या जागी बरोबरच आहे. उर्दूवाल्यांना शब्द देऊ नका, कान द्या. कोऱ्यांना दस्तावरचे शब्द द्या. त्यात ते कधी कधी सगळ्यांच्या पुढे जातात.

बारा जणांचा वर्ग पुरे. आठवड्याला तीन दिवस, सव्वा तास : 10 मिनिटं जोड्या, 15 मिनिटं मागचं, 25 मिनिटं नवीन, 15 मिनिटं आपापसात बोलणं, 10 मिनिटं श्रुतलेखन. नवे शब्द दिवसाला सात. दहा दिले तर तीन विसरतात आणि कोणते तीन, ते कळत नाही. जानेवारी ते एप्रिल तासगाव-मिरज पट्ट्यातले द्राक्षवाले येणार नाहीत हे धरून चाला. नवा वर्ग पावसाळ्यात सुरू करा.

व्याकरणात आपलं काय कामाला येतं

बरंच काही. इंग्रजीतून अरबी शिकवणाऱ्यांना 'तू'ला लिंग का, हे समजावत बसावं लागतं. मराठीत 'तू गेलास, तू गेलीस' आहेच : ज़हब्त, ज़हब्ति. तो गेला, ज़हब. ती गेली, ज़हबत्. 'आहे'ची गरज नाही : 'घर मोठं' म्हणजे अल्-बैतु कबीर, वाक्य पूर्ण. उगाच 'हुव' (तो) घालणारे घालतात, त्यांना थांबवा. एकवीस ते नव्व्याण्णव आकडे आपल्यासारखेच एककापासून : पंच्याहत्तर म्हणजे आधी पाच, मग सत्तर. शाळेत संस्कृत झालं असेल तर विभक्ती आणि द्विवचन दोन्ही घरचेच.

तरतम भाव साताऱ्यातच शिकवा. 1700 मध्ये औरंगजेबाने साताऱ्याचा किल्ला घेतला आणि शहजादा आझमच्या नावावरून त्याला आझमतारा म्हटलं. ऽअज़ीम म्हणजे थोर, अऽज़म अधिक थोर. प्रतापगडाखालचा अफजल : फ़ज़्ल म्हणजे गुण, श्रेष्ठत्व, अफ़्ज़ल अधिक चांगला. कबीर-अकबर, शरीफ-अश्रफ. चारही एकाच वजनाचे, 'अफ्अल'. पुढे 'मिन्' लावलं की 'पेक्षा' : अकबर मिन्, म्हणजे अमक्यापेक्षा मोठा.

आकड्यांना मोडी वाचणाऱ्यांचा आधार घ्या. मराठी कागदांतला शुहूर सन अरबी आकड्यांत असतो : 'खमस सबैन मया व अलफ' म्हणजे 5, 70, 100 आणि 1000, एकूण 1175. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन : 1774-75. दोनशेला 'मयातैन' येतं, ते द्विवचन. एक ते दहा या वाटेने दोन दिवसांत होतात. (तीन ते दहा आकड्यांचं लिंग वस्तूच्या उलट असतं; ते चौथ्या महिन्यात सांगा, आधी नको.)

आड येतं तेही सांगतो. मराठी 'मुलाचं पुस्तक', अरबी उलट : किताबुल्-वलद. पहिल्या शब्दाला 'अल्' लावायचा नाही, सगळे लावतात. विशेषण मागून येतं आणि त्यालाही 'अल्' लागतो : अल्-किताबुल्-कबीर, ते मोठं पुस्तक. विशेषणाचा 'अल्' काढला की लगेच वाक्य : पुस्तक मोठं आहे. या दोहोंतला फरक पन्नास वेळा करून घ्यावा लागतो. अनेकवचनं शब्द आतून मोडून होतात : किताब-कुतुब. इथे पुन्हा मराठी : अमीर-उमराव, हाल-अहवाल. अहवाल हे अनेकवचन आहे, हे ऐकून कारकून मंडळी खूश होतात. माणसं सोडून बाकी कशाचंही अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन धरतात; याला कारण विचारू नये, घोकावं. क्रियापद आधी आलं तर कर्ता अनेक असला तरी ते एकवचनीच : ज़हबल्-औलाद, शब्दशः 'गेला मुलं'.

ओळखीचे पण फसवणारे

सही : अरबीत सहीह म्हणजे बरोबर; स्वाक्षरीला तौक़ीऽ. गरीब : अरबीत विचित्र, परका, दरिद्री माणूस फ़क़ीर. साहेब : साहिब म्हणजे मित्र किंवा धनी. कायदा : क़ाइदा म्हणजे पाया, नियम, सरकारी कायदा तो क़ानून. तक्रार : तकरार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. अर्ज : ऽअर्ज़ म्हणजे मांडणं, देऊ करणं. आणि तालीम म्हणजे शिक्षण. आखाड्यातला वस्ताद अरबीत उस्ताज़ होऊन कॉलेजात प्राध्यापक होतो.

कोश, फोन, बोली

अरबी-इंग्रजी कोश बहुधा मुळाप्रमाणे लावलेले असतात. मक्तबा 'म'मध्ये नाही, क-त-ब मध्ये मिळतो. जादा लागणारी अक्षरं दहा; ती सगळी 'सअल्तुमूनीहा' या एका शब्दात बसतात, तो पाठ करा आणि त्यातली कापत जा. क़ाल, म्हणजे तो म्हणाला, यात तिसरं व्यंजन दिसत नाही. कुठे शोधायचं? मराठीत 'कौल' आहे : क़-व-ल. हालचा लपलेला व अहवालात आणि हवालदारात दिसतो. असं अलिफमागे दडलेलं व्यंजन मराठी शब्दाने किती वेळा सापडतं ते पाहून शिकवणारेही चकित होतात.

फोनवर कीबोर्ड घेताना भाषा अरबीच निवडा, उर्दू नको. काफ, या, हा दोन्हींत दिसायला सारखे, पण आतले संकेत वेगळे. उर्दूत टाइप केलेला शब्द अरबी कोशात सापडत नाही.

बोलीचा प्रश्न सगळे पहिल्याच दिवशी विचारतात. वाचन, भाषांतर, परीक्षा यांसाठी प्रमाण अरबी, फ़ुस्हा. दुबई-कुवेतला कामाला जायचं असेल तरी पहिले चार महिने फ़ुस्हाच, मग आखातातली बोली. तिथे क़ाफ़चा बऱ्याचदा ग होतो (क़ह्वा-गह्वा), काही शब्दांत काफचा च, आणि 'कैफ़ हालुक' (कसा आहेस) ऐवजी 'शलोनक'. उलट दिशेने आलेल्या माणसाला वाचता येत नाही आणि पगाराचा करार दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. करारातले आकडेही शिकवा : तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसतं टिंब.

व्यापाऱ्यांना थोडे शब्द पुरतात : कुर्कुम हळद, ऽइनब द्राक्षं, ज़बीब बेदाणे, रुम्मान डाळिंब, सुक्कर साखर, वज़्न वजन. त्यांचा त्रास वेगळा असतो. खोक्यावरचा अरबी मजकूर डिझाइन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर चिकटवताना अक्षरं सुटी पडतात आणि डावीकडून उजवीकडे उलटी लागतात. तिथे कुणाला अरबी येत नसते, मग हजारो खोकी तशीच छापून येतात. छपाईआधी स्वतः बघा. ज़बीबमध्ये उजवीकडून पहिला ज़ाय सुटा, वर एक टिंब. मग बा-या-बा तिन्ही एकमेकांना जोडलेले, त्यांच्याखाली एक, दोन, एक अशी टिंबं. ऽइनबची तिन्ही अक्षरं सलग. कुर्कुमचे दोन तुकडे, प्रत्येकी दोन अक्षरांचे. चार सुटी अक्षरं दिसली तर फाइल परत पाठवा आणि मजकुराचं चित्र करून लावायला सांगा.